शंभर झोक्यांचा वेळ

चार मिनिटं एकोणीस सेकंद.

पूर्णिमानं मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं आणि वही पुढे ओढली. दहा दिवसांपूर्वीचा आकडा तिच्याच अक्षरात होता. शंभर झोके, चार मिनिटं चौदा सेकंद. तीच झोळी, तीच दोरी, तीच मुलगी. मग हे पाच सेकंद आले कुठून?

झोळीत आठ महिन्यांची जुई झोपली होती. एक पाय बाहेर आणि तोंड उघडं. पूर्णिमानं झोळी हातानं थांबवली, पुन्हा हलकेच सोडली आणि पुन्हा शंभरपर्यंत मोजलं. चार एकोणीस.

आता झोके मोजणारी आई लोकांना जरा चक्रमच वाटणार, पण त्याचं मूळ साधं होतं. पहिल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळाला कधी पाजलं ते लिहून ठेवत जा. पूर्णिमानं ते लिहिलं, आणि मग बाकीचंही लिहायला लागली. शू, शी, शिंका, कुठल्या कुशीवर झोपली, कितव्या झोक्याला डोळे मिटले. तिचा नवरा अभिनव म्हणायचा, "आमच्या टीममध्ये ये तू. असं डॉक्युमेंटेशन हिंजवडीत कोणी करत नाही." पण पूर्णिमाचा हात लिहायला आधीपासूनच बसलेला होता. अमरावतीला एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र, मग एक वर्ष अकरावी-बारावीला प्रात्यक्षिकं घेतलेली. साधा दोलक तर तिनं इतक्या पोरांकडून करून घेतला होता, की हलतं काहीही दिसलं की मनातल्या मनात मोजणी सुरू व्हायची.

झोळी तिच्या आईच्या जुन्या सुती पातळाची. वर्ध्याहून आईनं ती स्वतः आणून दिली होती. पुण्यात शनिवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती टांगायची कुठे, हा प्रश्न होता. घरमालकीण दुर्गाबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "स्लॅबला भोक पाडायचं नाही. मग पाळणा टांगायचा असो नाहीतर झुंबर." मग एका प्लंबरनं मधल्या बोळात युक्ती केली. एका बाजूला माळ्याखालची भिंत, समोर बाथरूमची भिंत. दोन्हींत खाचा करून त्यानं लोखंडी पाइप आडवा बसवला, सिमेंट भरलं आणि म्हणाला, "हत्ती बांधा."

त्या पाइपाला झोळी टांगून सहा महिने झाले होते. आणि आता झोका मंदावला होता.

पाच सेकंद म्हणजे काही फार नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण झोका आपोआप मंदावत नाही. काहीतरी बदललं असणार. आणि जे काही बदललंय, त्याच्या भरवशावर आपली मुलगी लटकतेय, हा विचार एकदा आल्यावर तिला चहा गोड लागेना. तिनं पलंगावरची गादी ओढत आणली आणि झोळीखाली अंथरली.

सकाळी अभिनव बूट घालत असताना तिनं विषय काढला.

"पाच सेकंद?" तो म्हणाला. "चार मिनिटांत? म्हणजे दोन टक्के. दोन टक्क्यांचा फरक क्लायंटला आम्ही सांगतसुद्धा नाही."

"क्लायंट झोळीत झोपत नाही."

"पुनू, मागच्या महिन्यात गॅसचा वास येत होता. तो शेजारच्यांचा सांडगा निघाला. त्याआधी तिचं डोकं एका बाजूनं चपटं होतं. डॉक्टरांनी हसून परत पाठवलं." तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू नीट झोपलेली नाहीस, बाकी काही नाही."

खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि तो गेला. तो वाईट बोलला नव्हता, हेच जास्त लागलं. कारण त्याचं म्हणणं खरंही असू शकत होतं. पाच सेकंद झोळीत नसतील, आपल्या डोक्यातच असतील. आईला फोन केला, तर ती वऱ्हाडी हेल काढून म्हणाली, "काऊन मोजत राह्यतेस वं? आम्ही कधी मोजलं का? झोपली ना पोरगी, झालं मग."

दुपारी जुई झोपल्यावर पूर्णिमानं कॉम्प्युटर सुरू केला.

'विज्ञानकट्टा' नावाची एक मराठी साइट होती. ब्रॉडबँड आल्यापासून ती तिथे नुसती वाचायला जायची. लिहायची कधी नाही. कारण तिथे प्रश्न कुठलाही असो, तिसऱ्या प्रतिसादाला भांडण एकच असायचं, की फिजिक्स खरं कळतं कोणाला. एका बाजूला रावसाहेब. निवृत्त प्राध्यापक, चाळीस वर्षं शिकवलेले, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देणारे. दुसऱ्या बाजूला शंभू. आयआयटीचा, सध्या कॅलिफोर्नियात, पूर्णविरामाच्या जागी हसरे चेहरे टाकणारा. आणि मध्ये गेनबा नावाचा कोणी एक. त्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. तो फक्त काड्या घालायचा.

तिनं सरळ लिहिलं. झोळीची लांबी, मुलीचं वजन सात किलो आठशे, दोन्ही वेळा, तारखा. खाली प्रश्न: "झोका मंद होण्याचं कारण काय असू शकेल?"

तासाभरानं पहिला प्रतिसाद आला तो गेनबाचा.

"पुण्यात गुरुत्वाकर्षण कमी झालं असणार. महापालिकेत अर्ज द्या. दुपारी एक ते चार खिडकी बंद असते."

मग रावसाहेब: "ताई, आवर्तकाल वस्तुमानावर अवलंबून नसतो. हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असते. आपले घड्याळ तपासावे."

मग शंभू: "सर, आठवीच्या मुलाला ठाऊक असतं हाच तर प्रॉब्लेम आहे :) बेबी म्हणजे पॉइंट मास नव्हे. शी इज ग्रोइंग. सेंटर ऑफ मास हलला असणार."

पूर्णिमाचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या प्रश्नाला उत्तरं येत होती. खरी, तपासून बघता येण्यासारखी. कितीतरी दिवसांनी तिच्याशी कोणी दात, वजन आणि वरणाचं पाणी सोडून दुसऱ्या विषयावर बोलत होतं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाशी मोबाइल ताडून बघितला. पाच मिनिटांत फरक शून्य. मग लिहिलं: "घड्याळ बरोबर आहे. वस्तुमध्य म्हणाल, तर मुलगी आता झोळीत अर्धवट बसते. मध्य वर सरकला तर लांबी कमी होईल, झोका जलद व्हायला हवा. इथे उलट झालंय."

 शंभूनं उत्तर दिलं ते रावसाहेबांना. रावसाहेबांनी शंभूला. संध्याकाळपर्यंत गाडी चंद्रावर पोहोचली होती, तिथे हीच झोळी टांगली तर काय होईल यावर.

"चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून सहा हजार विद्यार्थी गेले."

"सर, हाताखालून गेले हे बरोबर. डोक्यातून काही गेलं का?"

"आपणास समीकरण पाठ आहे. पदार्थविज्ञान कळणे निराळे."

"रावसाहेब, झोळी झोळी," गेनबानं मध्ये टाकलं. "बाळ थांबलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेबांनी एक कामाची गोष्ट लिहिली. झोका मोठा दिला तर वेळ किंचित वाढतो, ताई झोका मोठा देत असाव्यात. पूर्णिमाला हे पटलं. आपण घाबरून जरा जोरातच ढकलत असू की काय! तिनं गादी बाजूला सारून फरशीवर खडूनं दोन रेघा मारल्या, मध्यापासून वीत वीत अंतरावर. झोळी त्या रेघेपर्यंत ओढून सोडायची, ढकलायची नाही. चार एकोणीस.

मग कोणीतरी लिहिलं, सुती कापड ताणलं गेलं असेल. तिनं शिवणाच्या डब्यातली टेप काढली. झोळीचा तळ फरशीपासून बेचाळीस सेंटिमीटर. वहीत मागच्या पानावर, झोळी टांगली तेव्हा खाली गादी किती जाड लागेल ते बघताना लिहिलेलं होतं: बेचाळीस. कापड ताणलं नव्हतं, गाठही सरकली नव्हती.

तिनं हे सगळं आकड्यांसकट कट्ट्यावर लिहिलं. वीसेक मिनिटांनी शंभूचं उत्तर आलं: "काकू, नो ऑफेन्स, पण घरगुती मोजमापात दोन टक्के एरर असणारच. डेटा चांगला नसेल तर थिअरीला दोष नको."

काकू! ती सव्वीस वर्षांची होती. तिनं उत्तर टाइप केलं, चांगलं झणझणीत, आणि मग पुसलं. आपल्याला त्याला हरवायचं नाहीये, आपल्याला पाच सेकंद सापडायला हवेत, हे तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. शेवटी एवढंच लिहिलं: "सात वेळा मोजलं. सातही वेळा चार एकोणीस, एखादा सेकंद इकडे-तिकडे. चूक असती तर दोन्ही बाजूंना झाली असती."

पुढचा प्रतिसाद पुन्हा चंद्राबद्दल होता. एकशे बारा प्रतिसादांत तिचे तीन होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी रावसाहेबांनी शंभूला कायमचं गप्प करायचं ठरवलं असावं. त्यांनी अख्खी व्याख्या लिहून काढली, ठळक अक्षरांत: "वजनरहित, न ताणणाऱ्या, लवचिक दोऱ्याने दृढ आधारापासून टांगलेला जड बिंदूवत गोळा म्हणजे साधा दोलक. ज्यास ही व्याख्या कळली त्यास दोलक कळला."

पूर्णिमानं ती वाचली. हेच वाक्य ती फळ्यावर लिहायची आणि पोरं न वाचता उतरवून घ्यायची. तीही न वाचताच लिहायची म्हणा. आता मात्र तिनं ते वहीत उतरवलं आणि पेन्सिल घेऊन एकेक शब्दावर काट मारायला लागली. प्रयोगाच्या तासाला सामान तपासतात तसं. गोळा बिंदूवत नाही, पण होता तसाच आहे. काट. दोरा ताणला नाही. मोजलंय. काट. वजनरहित नाही, पण दहा दिवसांपूर्वीही नव्हता. काट.

एकच शब्द उरला.

दृढ आधार.

वरचं टोक. तिथे कोणी गेलंच नव्हतं. रावसाहेब चंद्रावर गेले, शंभू वस्तुमध्यात शिरला, ती स्वतः फरशीवर रांगत खडूच्या रेघा मारत होती. सगळ्यांनी वरचं टोक पक्कं धरलं होतं, कारण व्याख्येत ते पक्कंच असतं.

तिनं मान वर केली. पाइप दिसला. समोरच होता, रोजच्यासारखा. त्याचं माळ्याकडचं टोक मात्र दिसत नव्हतं, कारण माळ्यावरच्या गाद्यांची वळकटी खाली लोंबत त्याच्यासमोर आली होती.

तिनं आधी जुईला उचललं. झोपमोड झालेल्या जुईनं घर डोक्यावर घेतलं, तरी तिला कडेवर घेऊन ती तशीच खाली गेली.

"दुर्गाबाई, पाच मिनिटं वर येता का? झोळीला झोका द्यायचाय."

दुर्गाबाईंनी चष्म्यावरून रडणाऱ्या जुईकडे बघितलं. "पोर तुमच्या कडेवर. झोळीत कोण आहे?"

"तांदूळ."

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या आणि चपला घातल्या. "एवढं वय झालं, हे राहिलंच होतं."

पूर्णिमानं वजनकाट्यावर मोजून सात किलो आठशे तांदूळ पिशवीत भरले, जुईच्या वजनाइतके. पिशवी झोळीत ठेवली. जुईला पलंगावर उशांच्या कुंपणात बसवलं, तिला दिसेल असं. मग आधी शंभर झोके मोजले, आणि दुर्गाबाई भिंतीला टेकून ते बघत राहिल्या.

"झोपले का तांदूळ?"

"चार एकोणीस," पूर्णिमा म्हणाली. तांदळाचेही तेवढेच. म्हणजे जुईचा काही संबंध नव्हता. "आता तुम्ही झोका द्या. त्या रेघेपर्यंत, जास्त नाही. मी वर चढते."

"अंगाई म्हणू का?"

"म्हणा."

दुर्गाबाईंनी खरंच काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. पूर्णिमा स्टुलावर चढली, वळकटी मागे ढकलली आणि पाइपावर तळहात ठेवला.

पाइप जात होता आणि येत होता.

झोळी पुढे गेली की पाइप तिच्या तळहाताखाली पुढे. झोळी मागे आली की मागे. आवाज नाही, कुरकुर नाही. झोळीच्या तालात, तिला साथ देत, बोटभर इकडे आणि बोटभर तिकडे. क्षणभर पूर्णिमाला भीती वाटलीच नाही. वाटला तो निव्वळ आनंद. पाच सेकंद तिच्या हाताखाली होते. ते खरे होते आणि ते तिथे राहत होते.

"सापडले!" ती म्हणाली.

"काय सापडले?" दुर्गाबाईंनी अंगाई थांबवली.

पूर्णिमानं वाकून भिंतीतली खाच बघितली. खाचेत भरलेलं सिमेंट मधोमध तडकलं होतं. त्याची वाळू होऊन पाइपावर साचली होती. पाइप झोक्याबरोबर तिरपा होत होता आणि दर वेळी किंचित बाहेर घसरत होता. आत राहिलं होतं ते टोक जेमतेम एका पेराइतकं.

"झोका थांबवा," ती म्हणाली. "हळू. तांदूळ काढून घ्या."

दुर्गाबाईंना तिच्या आवाजातच सगळं कळलं. त्यांनी झोळी दोन्ही हातांनी धरली, पिशवी उचलून पोटाशी घेतली आणि मागे सरकल्या. पूर्णिमानं पाइप जरा तिरका ओढला. टोक खाचेतून सुटून तिच्या हातात आलं.

 जुईनं उशांच्या कुंपणातून टाळ्या वाजवल्या.

"स्लॅबला भोक नको म्हटलं मी," दुर्गाबाई म्हणाल्या. पिशवी अजून पोटाशीच होती. "माझ्या स्लॅबसाठी."

"तुम्हाला तरी काय माहीत असणार."

"तुम्हाला कसं कळलं पण? दिसत तर नव्हतं."

"पाच सेकंद जास्त लागत होते."

दुर्गाबाईंनी पिशवी खाली ठेवली.  "उद्या बापूरावांना बोलावते," त्या म्हणाल्या. "गवंडी आहेत. प्लंबर नाहीत."

त्या दिवशी तिनं झोळीची गाठ न सोडता ती पाइपावरून अलगद सरकवून काढली, नीट घडी केली. जुई जमिनीवर झोपेना. तिला मांडीवर घेऊन एका हातानं पूर्णिमानं कट्ट्यावर लिहिलं: "आधार दृढ नव्हता. पाइप झोक्याबरोबर हलत होता. टांगण्याचा बिंदूच हलता असला की दोलकाची परिणामी लांबी वाढते."

शंभू जागा होता. लगेच उत्तर आलं: "ओह. पण मग तो सिंपल पेंड्युलम नव्हताच :) प्रश्नच चुकीचा मांडला होतात."

गेनबा: "शंभू, तू पडला असतास तरी हेच म्हणाला असतास."

रावसाहेबांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. आधी वाटलं, पुन्हा सहा हजार विद्यार्थी येणार. पण ते छोटं होतं. "बालिका सुखरूप आहे ना? मी चाळीस वर्षे 'दृढ आधार' हे शब्द उच्चारले. विद्यार्थ्यांना स्टँड हलवून बघायला एकदाही सांगितले नाही. पाइप किती हलत होता? दुरुस्तीनंतरचा वेळ कृपया कळवावा. मला उत्सुकता आहे."

पूर्णिमानं ते दोनदा वाचलं.

शनिवारी बापूराव आले. तोच पाइप, त्याच उंचीवर, पण दोन्ही टोकांना लोखंडी ताटल्या आणि भिंतीतून आरपार बोल्ट. अभिनव घरी होता.  गेल्या दोन दिवसांत भिंतीतली जुनी खाच त्यानं तीनदा बोट घालून बघितली होती. बापूराव गेल्यावर त्यानं पाइपाला स्वतः लोंबकळून घेतलं. पंचाहत्तर किलो. मग मुकाट्यानं तांदळाची पिशवी आणून झोळीत ठेवली, रेघेपर्यंत ओढली आणि मोबाइल हातात घेतला.

"तू मोज. मी वेळ बघतो."

तिनं मोजलं. शंभर म्हणताच त्यानं बटण दाबलं.

"किती? चौदा आलं ना?" तिनं विचारलं.

अभिनव स्क्रीनकडे बघत राहिला. "अकरा. चार अकरा."

"नीट दाबलंस?"

त्यांनी पुन्हा केलं. मग जागा बदलून, तो मोजणार आणि ती वेळ बघणार, असं तिसऱ्यांदा. चार अकरा.

पूर्णिमा भिंतीला टेकून खाली बसली. चौदा हा तिचा बरोबरचा आकडा होता. त्याच्याशी ताडूनच तिनं एकोणीस चुकीचे ठरवले होते. आणि चौदाही चुकीचेच होते. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा मोजलं, त्या दिवशीही पाइप हलतच होता, थोडा कमी, इतकंच. त्याच्याही आधी, न मोजलेल्या दिवसांत, तो कधीपासून हलत होता ते कळायला आता मार्ग नव्हता.

"म्हणजे तेव्हासुद्धा..." अभिनव म्हणाला आणि थांबला.

"हो."

तिला वाटलं होतं, कारण सापडलं की धास्ती जाईल. ती गेली नव्हती. पण आता नुसती धास्ती उरली नव्हती. त्यात प्रश्नही होता, आणि प्रश्नाला हात घालता येत होता. तीन सेकंद आणि पाच सेकंद, मिळून आठ. यावरून भिंत किती सैल होती ते काढता येईल. वजन माहीत आहे, लांबी माहीत आहे. रावसाहेबांना आकडे पाठवायचे, आणि शंभूलाही गणित करू दे, त्याचा हात बरा चालतो.

"जुईला घालू?" अभिनवनं विचारलं. त्यानं तिला असं कधी विचारलं नव्हतं. तो थेट घालायचा.

"घाल. पण मोजायचं."

त्यानं तांदूळ बाहेर काढले आणि जुईला आत ठेवलं. तिनं लगेच एक पाय बाहेर काढला. पूर्णिमानं घड्याळ लावलं, त्यानं झोळी सोडली आणि मोठ्यानं मोजायला लागला. एक, दोन, तीन. वीसपर्यंत बरोबर गेला. तिशीत अडखळला. सदतीस म्हटल्यावर पुन्हा सदतीस म्हणाला, मग चाळीस.

पूर्णिमानं वर बघितलं. तो झोळीकडे बघतच नव्हता. मान मागे टाकून, डोळ्यांची पापणी न हलवता, तो पाइपाच्या टोकाकडे बघत होता.

"पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली आणि घड्याळ शून्यावर आणलं.